‘कंत्राटी’ खोडून ‘कंत्राटदार’

३ मार्च २०२५, सोमवार. सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. वही मंजुश्रीच्या, म्हणजे बायकोच्या, शिवणकामाची आहे, पहिल्या सहा पानांवर गावातल्या बायकांची मापं आहेत. सातव्या पानापासून मी.

थोडक्यात परिचय. गोकुळ, वय छत्तीस, मुक्काम वरवट बकाल. संग्रामपूरच्या एका सरकारी कार्यालयात (नाव लिहीत नाही, गोपनीयता) नऊ वर्षं डेटा एंट्री ऑपरेटर. काम सरकार सांगतं, पगार मॅनपॉवर एजन्सी देते. नऊ वर्षांत साहेब पाच बदलले, एजन्सी तीन बदलल्या, खुर्ची तीच. एक एप्रिलपासून चौथी एजन्सी येते आहे, पुण्याची. तिचं नाव इतकं लांब आहे की शिक्क्यात मावत नाही.

संध्याकाळ
नव्या एजन्सीच्या प्रेरणा मॅडमचा फोन. मला ‘गोकुळ सर’ म्हणाल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ओळखलं. शेजारच्या टेबलावरच्या अकीललाही फोन आला. त्यालाही ‘अकील सर’ म्हणाल्या, पण त्यात तो सूर नव्हता.

संकल्प: या वेळी एजन्सीला एक रुपयाही द्यायचा नाही. काम आपण करायचं आणि वर पैसेही आपणच द्यायचे, हे बंद.

४ मार्च
रजिस्ट्रेशन फी भरली.

तशी ती फी नव्हेच. मॅडमनी नीट समजावलं की ती रिफंडेबल आहे. म्हणजे पैसे माझेच, फक्त ठेवले त्यांच्याकडे. संकल्प अबाधित.

अकीलने भरली नाही. म्हणतो, पह्यले पावती पाठवा म्हनाव, पावतीबिगर मी मेडिकलातून डोकेदुखीची गोई बी घेत नाई. संशयी स्वभाव. अशाने माणसाची प्रगती खुंटते.

९ मार्च, रविवार
एजन्सीची यादी आली. पोलीस पडताळणी. रक्तगट. दोन राजपत्रित अधिकाऱ्यांचे चारित्र्याचे दाखले. कंपनीचा टी-शर्ट, स्वखर्चाने. शिवाय स्वतःची ओळख करून देणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ, इंग्रजीत, मागे पांढरी भिंत.

नुकताच चुना मारलेली भिंत गावात एकच, सासऱ्यांच्या म्हणजे किसनरावांच्या गोठ्याची. मी ‘माय सेल्फ गोकुळ’ म्हटलं की म्हैस हंबरायची. अकरा वेळा शूटिंग केलं. बाराव्यांदा ती गप्प राहिली, पण मी इंग्रजी विसरलो. शेवटी म्हशीसह पाठवला. व्हॉट्सॲपवर मॅडमचा अंगठा आला. पसंत पडला असावा.

टी-शर्ट फक्त डबल एक्सेलमध्ये मिळाला. मंजुश्रीने दोन्ही बाजूंनी टिपा मारून दिला. म्हणाली, येवढ्या मेहनतीत तं तुम्ही कलेक्टर झाले असते. तिचा माझ्यावर फार विश्वास आहे.

१२ मार्च
अकीलने सामूहिक अर्ज लिहिला. तालुक्यात आम्ही बारा ऑपरेटर. कोणीही पावतीशिवाय फी भरणार नाही, जाचक अटी मान्य नाहीत, खाली बारा सह्या. म्हणे बाराही जण एक राह्यलो तं एक एप्रिलले दुसरे बारा आणतीन कुठून? मला सही मागितली. मी वाचून देतो म्हणालो. शुद्धलेखनाच्या तीन चुका सापडल्या, लाल पेनाने दुरुस्त करून दिल्या. सही केली नाही. मॅनेजमेंटशी माझे संबंध वेगळ्या पातळीवरचे आहेत.

अकीलने लाल खुणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, बाराचे अकरा काऊन करून राह्यला बे? काय भेटन तुले त्याच्यात? मी लाल पेनाला टोपण लावलं. त्याला ते समजलं नसतं.

१६ मार्च, रविवार
सासऱ्यांकडे जेवण. काजलला, म्हणजे मंजुश्रीच्या धाकट्या बहिणीला, बघायला देऊळगाव राजाचे पाहुणे आले होते. पाहुण्यांनी विचारलं, मोठे जावई काय करतात? किसनराव म्हणाले, जवाई कंत्राटीत हायेत. एखादा दवाखान्यात ॲडमिट आहे हे सांगावं तसं म्हणाले. पाहुणे म्हणाले, असू द्या, होतं असं.

खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं. रोज साडेनऊला जातो. निम्म्या तालुक्याची नावं मी टाइप केली आहेत, एकाचीही वेलांटी चुकलेली नाही. माझ्याबद्दल बोलताना मात्र सासऱ्यांचा आवाज खाली जातो. करंजी एकच खाल्ली.

१८ मार्च
करारनामा आला. पहिल्याच ओळीत ‘मी, खाली सही करणारा कंत्राटी कर्मचारी’. पुढे एकूण आठ ठिकाणी तेच.

विचार केला. करार दोघांत होतो. दोघंही करार करतात, मग एकटे तेच कंत्राटदार कसे? आठही ठिकाणी ‘कंत्राटी कर्मचारी’ खोडून ‘कंत्राटदार’ लिहिलं. अर्थ तोच, मान जास्त. सरकारी दप्तरात खाडाखोड केली की बाजूला लघुस्वाक्षरी लागते, नाहीतर कागद बाद. हे पुण्याच्या लोकांना कुठून माहीत? आठही ठिकाणी लघुस्वाक्षरी केली, तारखेसह. कुठेही बोट ठेवायला जागा ठेवली नाही.

२१ मार्च
मेल आला. अभिनंदन, उपकंत्राटदार म्हणून आपली नियुक्ती करण्यात येत आहे!

मॅडम फोनवर म्हणाल्या की लीगल विभागाने आपल्या सर्व दुरुस्त्या मान्य केल्या, सर. इतका स्वच्छ कागद त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. पेढे आणले. किसनरावांनी पेढा तोंडात असतानाच देऊळगाव राजाच्या पाहुण्यांना फोन लावला. हाव, कंत्राटदार. नाई नाई, कंत्राटी नाई, दार, दार! आवाज रस्त्यापर्यंत आला. मी रस्त्यावरच उभा होतो. दोनदा ऐकला.

शेगावच्या प्रेसमध्ये पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली.

२४ मार्च
किरकोळ औपचारिकता आहेत. एक एप्रिलपासून संग्रामपूर कार्यालयाला एक ऑपरेटर पुरवायचा. जागा म्हणजे माझीच जागा. त्याचा पगार आधी मी द्यायचा, एजन्सी तीन महिन्यांनी सर्व्हिस चार्ज कापून मला बिल देणार. माणूस गैरहजर राहिला तर दंड माझ्याकडून. शिवाय व्हेंडर फी आणि डिपॉझिट. व्हेंडर फी नॉन-रिफंडेबल आहे. वरच्या पातळीवर तशीच असते.

डिपॉझिटसाठी मंजुश्रीने मोटरच्या शिलाई मशीनसाठी साठवलेले पैसे तात्पुरते घेतले. तिने काढून दिले. फक्त म्हणाली, आता पगार घ्याचा का द्याचा, येवढं एक सांगा. मी म्हणालो, धंद्यात चढउतार असतात. ती म्हणाली, चढ कोणता थे सांगा.

२७ मार्च
उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या. उमेदवार एक, काजल. बी.कॉम., टायपिंग मराठी-इंग्रजी दोन्ही. मी टी-शर्ट घालून बसलो होतो, वातावरण गंभीर ठेवलं. फीचं सांगितलं. रिफंडेबल आहे हेही सांगितलं. ती म्हणाली, भाऊजी, काम मी करीन अन् पैसे बी मीच देऊ?

हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. आठवलं नाही.

शेरा: टायपिंग उत्तम. कॉर्पोरेट कल्चर नाही. नापास.

३१ मार्च. ईद
अकीलकडे शीरखुर्मा. त्याच्या बायकोने, अमीनाभाभींनी, न विचारता दुसरी वाटी भरली. मग अकीलने सांगितलं. अकरा सह्यांचा अर्ज जिल्ह्याला गेला, तिथून एजन्सीला झाडलं. ज्यांनी फी भरली होती त्यांना परत मिळाली. व्हिडिओ रद्द, टी-शर्ट रद्द. अकराही जण उद्यापासून जुन्याच जागी.

मी विचारलं, आणि माझं? अकील वाटीत चमचा फिरवत राहिला. म्हणाला, तू आमच्या यादीत नाईस ना गोकुळ. तू तिकडचा झाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

शीरखुर्मा छान होता.

१ एप्रिल
ऑपरेटर मिळाला नाही. जागा रिकामी राहिली तर कंत्राटदाराला दंड. मोठ्या माणसाला वेळेवर निर्णय घेता आला पाहिजे. मी घेतला. सध्यापुरता स्वतःलाच पुरवला.

साडेनऊला खुर्चीत बसलो. मग कर्मचाऱ्याचा करारनामा भरून घेतला. कर्मचाऱ्याने ‘कंत्राटी’ हा शब्द खोडण्याची परवानगी मागितली. कंत्राटदार म्हणून मी ती दिली नाही. त्यात काय धोके असतात ते आता मला माहीत आहे.

हजेरीपत्रकावर दोन रकाने. कर्मचाऱ्याची सही निळ्या पेनाने केली, कंत्राटदाराची काळ्या. साहेब म्हणाले, दोन्ही सह्या सारख्या दिसतात. कंत्राटदाराची आता जरा तिरपी करतो.

११ एप्रिल
मंजुश्रीने विचारलं, या महिन्याचा पगार कोण देईन? मी म्हणालो, मी. कोणाले? मला. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, मंग आणा इकडे. मी म्हणालो, बिल पास झाल्यावर. तिने मापं लिहायला वही मागितली. उद्या देतो म्हणालो.

१७ एप्रिल, गुरुवार
दुपारी अकील टेबलापाशी आला. सोमवारी सकाळी दहाला बुलडाण्याला जिल्ह्याच्या साहेबांपुढे सुनावणी आहे. अकराही जण मिळून सांगणार, गोकुळचं नाव कागदाच्या चुकीनं कटलं, त्याले परत कर्मचाऱ्यांत घ्या. साहेब तयार आहेत म्हणे. फक्त तू सोता हजर पाह्यजे. एकच दिवस. यादीत पुन्हा नाव घ्याचं असन तं हीच टाईम हाय यार, असं म्हणाला.

मी सही न केलेल्या अर्जावरची अकरा माणसं माझ्यासाठी रजा टाकून जाणार आहेत. डोळे भरून आले. प्रिंटरमध्ये कागद अडकला आहे का बघायला गेलो. अडकला नव्हता. तिथेच थोडा वेळ थांबलो. परत येऊन म्हणालो, बघतो.

२० एप्रिल, रविवार
सोमवारच्या रजेचा अर्ज लिहिला. प्रति, मा. कंत्राटदार. विषय, एक दिवसाची रजा मिळणेबाबत. कारण, अत्यंत महत्त्वाचे वैयक्तिक काम. भाषा चांगली जमली.

संध्याकाळी काजल आली. म्हणाली, भाऊजी, तुमच्या खुर्चीत उद्या मी बसतो, एक पैसा नोको, तुम्ही जा बुलडाण्याले. मंजुश्री दारात उभी होती. दोघी माझ्याकडे बघत होत्या. पण काजलचं रजिस्ट्रेशन झालेलं नाही. फी भरलेली नाही, मुलाखतीत नापासचा शेरा आहे. विनानोंदणी माणूस बसवला आणि एजन्सीला कळलं तर कंत्राट जाईल. आज एकासाठी नियम वाकवला की उद्या सगळेच मागतील.

रात्री अर्ज विचारार्थ घेतला. कर्मचाऱ्याची अडचण खरी आहे. सेवा नऊ वर्षांची, एकही तक्रार नाही. हे सर्व लक्षात घेतलं. पण बदली माणूस उपलब्ध नाही.

अर्ज नामंजूर.

कर्मचाऱ्याला तसं कळवलं. त्याने निळ्या पेनाने पोच दिली.