प्रगती समाधानकारक

बाई, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही आजारी असताना मी भेटायला आले नाही, त्याला त्याहून थोडे जास्त दिवस झाले. आज रविवारची दुपार आहे. दिल्लीत, मयूर विहारच्या या फ्लॅटमध्ये मी एकटीच आहे आणि विद्यापीठाचा एक फॉर्म बाजूला सारून तुम्हाला लिहायला बसलेय. फॉर्म माझ्या विद्यार्थिनीचा आहे. तिच्या पीएचडीची मुदत संपलीय. ती वर्षभराने वाढवून हवी असेल, तर उशीर का झाला ते गाईडने लिहून द्यायचं असतं. गाईड मी आहे.

आर. के. पुरमच्या तुमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही तुमचे पीएचडीचे विद्यार्थी शनिवारी सकाळी एकेक करून यायचो. डिपार्टमेंटमध्ये तुम्ही इंग्रजी बोलायचात, स्वयंपाकघरात मराठी. परातीत पीठ घेऊन म्हणायचात, "चल, कणीक मळून होईपर्यंत सांग, या प्रकरणात तुला नेमकं काय म्हणायचंय." कणीक झाली की ऐकणं बंद. "नाही ना सांगता आलं? मग आणखी वीस पुस्तकं वाचत बसू नकोस. जा, माणसांशी बोलून ये." मग ओट्यावरची ती लांब वही यायची. डावीकडे मी काय लिहून देणार आणि कधी, उजवीकडे तुम्ही ते वाचून कधी परत करणार, खाली दोघींच्या सह्या, आणि काम झालं की तारखेपुढे बरोबरची खूण. तुम्ही म्हणायचात, "संशोधनाला एवढंच लागतं. एकीने लिहायचं, दुसरीने वाचायचं. बाकी सगळं लायब्ररीत मिळतं यार." तुमच्या तोंडी तो 'यार' ऐकून मला फार हसू यायचं. तेव्हा तुम्ही मला आवडायचात.

तिसऱ्या वर्षी माझ्या सहामाही अहवालावर तुम्ही 'असमाधानकारक' लिहिलंत. बाकीचे गाईड तिथे डोळे झाकून 'समाधानकारक' लिहून सही ठोकतात, हे सगळ्या डिपार्टमेंटला माहीत होतं. मला समितीपुढे उभं राहावं लागलं. मी तुमच्यावर जो डूख धरला तो धरलाच. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव मी लायब्ररीतल्या कर्मचाऱ्यांच्याही खाली घातलं. ते पान वाचून तुम्ही फक्त म्हणालात, "छपाई छान झालीय." पुढे तुम्हाला हॉस्पिटलमध्ये ठेवल्याचं कळलं, तेव्हा मीटिंग आहे असा निरोप धाडला. मीटिंग नव्हती.

आपण गाईड झालो की कुणाशी असं वागायचं नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. जिचा हा फॉर्म आहे ती मुलगी झाशीहून आली. विषय चांगला निवडला तिने, नोएडाच्या सोसायट्यांमध्ये घरकाम करणाऱ्या बायका. प्रकरणं ईमेलवर यायची आणि मी लगेच उत्तर द्यायचे, "अच्छा है, आगे बढ़ो." दर सहा महिन्यांनी समाधानकारक. केवढी प्रेमळ गाईड! वाचत मात्र काहीच नव्हते. कमिट्या होत्या, सेमिनार होते, आणि खरं म्हणजे कंटाळा होता.

मग प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सहज विचारलं, या बायकांच्या मुलाखती घेतल्या कुठे? ती म्हणाली, मालकिणींच्या ड्रॉइंग रूममध्ये. "उन्हीं के सामने?" "जी सर. चाय भी उन्होंने ही पिलाई." हॉलमध्ये कुणी हसलंसुद्धा नाही. मालकीण शेजारी बसलेली असताना कुठली बाई खरं बोलणार? चार वर्षांच्या मुलाखती एका वाक्यात वाया गेल्या. आणि तिने काही लपवलं नव्हतं हो. दुसऱ्या प्रकरणाच्या तिसऱ्याच पानावर सरळ लिहिलेलं होतं. ते पान मी वेळेवर वाचलं असतं, तर अर्ध्या तासात तिला समजावता आलं असतं. बाहेर कॉरिडॉरमध्ये ती सगळे अहवाल प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घेऊन उभी होती. "मॅम, आपने तो हर बार सॅटिस्फॅक्टरी लिखा था." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं.

विभागप्रमुख म्हणाले, विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा असं लिहून मोकळ्या व्हा. मला ते अन्यायाचं वाटलं, म्हणून कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, तिची प्रकृती ठीक नव्हती. त्या दिवशी स्वतःच्या मोठ्या मनाचं कौतुकही वाटलं मला. ऑफिसने फॉर्म परत पाठवला: आजाराचा तपशील द्या, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. शुक्रवारी ती तोच फॉर्म घेऊन माझ्यासमोर बसली. चार उन्हाळे मेट्रोने नोएडाला खेपा घालून एक दिवसही आजारी न पडलेली मुलगी. पेन उघडून तिने विचारलं, "मॅम, मुझे हुआ क्या था?"

मी म्हटलं, सोमवारी सांगते.

प्रबंध झाल्यावर तुम्ही माझ्या हाती दिलेली ती वही आज शोधून काढली. उजवीकडची तुमची एकही तारीख चुकलेली नाही. डावीकडे, त्या 'असमाधानकारक' सहामाहीत, माझ्या एकाही तारखेपुढे खूण नाही. बाईंनी माझं वर्ष नासवलं, हे मी इतकी वर्षं ज्याला त्याला सांगत आले. त्या सहा महिन्यांत मी एक ओळही लिहिली नव्हती, हे कुणालाच सांगितलं नाही. मग परात घेतली आणि कणीक मळता मळता खरं कारण मोठ्याने म्हणून पाहिलं. मी तिची प्रकरणं वाचली नाहीत. एवढंच तर आहे. कणकेचा गोळा व्हायच्या आतच सांगून झालं.

हे पत्र तुमच्या वहीतच ठेवतेय. फॉर्मवरचा आजाराच्या तपशिलाचा रकाना अजून रिकामा आहे आणि ती उद्या दहा वाजता येईल. पण बाई, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. वही काढायच्या आधी, आज सकाळभर, मी फोनवर शोधत होते, कुठल्या आजारातून उठायला वर्षभर लागतं.