बाबांच्या खोलीचं छत

८ फेब्रुवारी २००९, रविवार
आजपासून रोजनिशी. मराठीत, म्हणजे नीरजला वाचून कळणार नाही. नीरज आपला दोस्त, सायबर कॅफेवाला. पण एवढी मोठी कल्पना असली की दोस्तांपासूनही जपावं लागतं.

कल्पना अशी. त्याच्या कॅफेत आज एक व्हिडिओ पाहिला. अडकत अडकत अर्धी दुपार गेली त्यात. परदेशात घराचं छत कॉम्प्युटर ठरवतो. भार कुठे येतो, कुठे येत नाही ते बघतो आणि जिथे गरज नाही तिथलं काँक्रीट वगळूनच टाकतो. उरतं ते पातळ, घुमटासारखं वाकलेलं. मग मशीन त्याचा साचा कापतं. सिमेंट निम्म्याहून कमी. सिमेंट बनवताना निघणाऱ्या धुराने पृथ्वी तापते, हे जयपुरात किती जणांना माहीत आहे? बहुतेक मलाच.

पॉलिटेक्निक सोडलं. आमेरला गाइड झालो, सोडलं. ब्लू पॉटरी सोडली. आता कळतंय, ती सगळी याचीच तयारी होती.

११ फेब्रुवारी
बाबांशी बोललो. एप्रिलअखेर रिटायर होतायत. सगळी नोकरी रेल्वेच्या पुलांवर, सगळा संसार क्वार्टरमध्ये. आता चाकसूच्या रस्त्याला स्वतःचं घर चाललंय. भिंती झाल्या. छताला इथे सगळे घालतात त्याच दगडी पट्ट्या. या भिंतीवरून त्या भिंतीवर आडव्या टाकल्या, झालं छत. मी म्हटलं, बाबा, एकविसावं शतक आहे. आई म्हणाली, आधी याला गच्चीवरची टाकी धुऊन दाखवायला सांगा, दिवाळीपासून म्हणतोय.

बाबांनी घराचा नकाशा पुढे ओढला. मग म्हणाले, "माझ्या खोलीचं छत तू कर. आईच्या खोलीला हात लावायचा नाही."

म्हणजे पहिला नंबर स्वतःचा लावला. फारच उतावळे आहेत.

२० फेब्रुवारी
सॉफ्टवेअर मिळालं. तीस दिवस फुकट. तत्त्व सोपं आहे. साखळीची दोन टोकं धरून ती लोंबू द्यायची. जो आकार येईल तो उलटा केला की छत. ताकद सगळी त्या वाकात. वाक कमी केला तर तीन इंचाचं काँक्रीट म्हणजे पापड.

संकल्प : रोज सहा तास मॉडेल. उद्यापासून. आज कंपनीचा लोगो.

९ मार्च
लोगो झाला. मध्ये चौमूंला जाऊन आलो. तिथे एक जण मधमाश्या पाळतो असं कळलं होतं. पोळ्याची रचना याच विषयात येते. चार दिवस राहिलो. मध छान होता.

आज मॉडेल पूर्ण. माउस नीरजने धरला होता, पण दिशा माझी. मध्ये साडेचार फूट उंची. स्क्रीनवर सगळं छत हिरवं झालं. हिरवं म्हणजे सुरक्षित. नीरज म्हणाला, पेन ड्राइव्हवर घेऊन ठेव. उद्या घेतो.

१८ मार्च, चाकसू
साचा थर्मोकोलचा करायचा. चाकसूला मुरलीधरजी लग्नाचे स्टेज सजवतात. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारी गरम तार आहे. त्यावर ते मोर, हत्ती आणि नवरानवरीची नावं कापतात. सबंध जिल्ह्यातलं सगळ्यात ॲडव्हान्स मशीन, आणि कापतं काय तर मोर.

आज कापायचं ठरलं होतं. पण आज शीतला मातेचा बासोडा. घरात चूल पेटवत नाहीत, कालचं थंड खातात. मुरलीधरजी हात जोडून म्हणाले, "भैया, आज तो तार भी गरम नहीं होगा." मी म्हटलं, ती वीज आहे, अग्नी नाही. ते म्हणाले, माता को आप समझा दो. अशाने देश पुढे कसा जाणार? जत्रेत बाजरीची थंड राबडी आणि गोड पुए खाल्ले. शेवटची बस चुकली.

४ एप्रिल
साचा कापून झाला. साक्षात माझा वाक. पांढरा, हलका. मला वाटतं मी थोडा रडलो. पण घरी आत्ताच नेता येत नाही, टेम्पो लग्नांत अडकलेत. मुरलीधरजींच्या गोदामात ठेवलाय.

२५ एप्रिल
मुरलीधरजींनी आखातीजच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, लग्नासाठी साचा मागितला. स्टेजवर कमान म्हणून. फक्त मंडपात मावेना, म्हणून खालून दीड फूट कापावा लागेल म्हणाले. वरून हेही म्हणाले की असा डिझायनर त्यांनी उभ्या राजस्थानात पाहिला नाही.

दिला. लोकांची प्रतिक्रिया कळणं महत्त्वाचं.

१ मे
काल बाबा रिटायर झाले. हार, शाल, भिंतीवरचं घड्याळ. मी उशिरा पोचलो, साचा परत आणत होतो. त्याला सोनेरी रंग आणि चमकी. नव्या उंचीचा हिशोब कॉम्प्युटरवर पुन्हा करायला नीरजकडे गेलो. व्हायरस आला म्हणून त्याने मशीन फॉरमॅट केलंय. फाइल गेली. मी त्याच्याशी बोलत नाही.

साडेचार काय, तीन काय. उन्नीस-बीसचा फरक.

१३ मे
छत ओतलं. कडेला साचा कमी पडला, तिथे सपाट फळ्या लावल्या. सिमेंट खरंच थोडं लागलं. बाबा सगळ्यांना तेच सांगत होते, शेजारच्या प्लॉटवाल्यालाही बोलावून दाखवलं. भगवान मिस्त्रींनी विचारलं, कागदावर जास्त उंच होतं ना? मी म्हटलं, डिझाइन अपडेट झालंय. बाबांनी ऐकलं. "अपडेट," असं एकदा स्वतःशीच म्हणाले.

२९ मे
टेकू काढायची सगळ्यांना घाई. मी म्हटलं, काँक्रीट लोणच्यासारखं असतं, जितकं मुरेल तितकं चांगलं. जेवण जात नाही. उन्हाळाच तसा आहे यंदा. आज प्लॉटवर जाऊन खोलीच्या दारातून पाहून आलो. आत गेलो नाही, चपला काढाव्या लागल्या असत्या.

१० जून
क्वार्टर ऑगस्टपर्यंतच आहे. बाबांनी विषय संपवला : रविवारी टेकू निघणार. मग म्हणाले, त्यांच्या गँगची एक पद्धत होती. पुलावरून पहिली गाडी जायची तेव्हा ज्यांनी काम केलं ते खाली उभे राहायचे. "आपण दोघं आत उभे राहू."

आई म्हणाली, अहो, असले खेळ या वयात नकोत. बाबा हसले.

सांगून टाकावं का? पण काय सांगणार? काही झालेलंच नाही. उगाच त्यांना काळजी.

१४ जून, रविवार
सकाळीच प्लॉटवर गेलो. आई फाटकाशी पेढ्यांचा डबा घेऊन उभी. टोमणा मारला नाही. बाबा आत जाऊन टेकूंच्या मधे उभे राहिले, आणि शेजारी माझ्यापुरती जागा ठेवली. भगवान मिस्त्रींनी पहिल्या टेकूवर घण धरला.

तेवढ्यात मला फोन आला. व्हायब्रेटवर होता, त्यामुळे बाकी कोणाला ऐकू आला नाही. आत रेंज नसते. बाहेर पार लिंबाच्या झाडापर्यंत जावं लागलं. तिथून मी हो, हो म्हणत होतो.

बाबा दारात आले. माझ्याकडे पाहत राहिले. मग भगवान मिस्त्रींना म्हणाले, "राहू द्या. टेकू असतानाच वरून फोडून काढा. आणि पट्ट्या सांगून ठेवा."

पहिला घाव बसल्यावर खूप वेळ काही झालं नाही. मग बरंच काही एकदम झालं. टेकू होते म्हणून कोणाला लागलं नाही.

बाबा माझ्याजवळ आले. केसांत सोनेरी चमकी पडली होती. म्हणाले, "झाला का फोन?"

मी म्हटलं, हो.

आईने विचारलं, एवढा कोणाचा होता? मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "असेल कामाचा."