हिरव्या कोटाची नोंद

हॅल्बेक
२ सप्टेंबर २०१९

चि. ट्रेव्हर यास डोरीनचे अनेक आशीर्वाद.

तुझं श्रवणयंत्र कपाटात आणि फोन नुसता वाजतोय, म्हणून आपला कागदच बरा. माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा नंबर अजून लागलेला नाही. दोघं मिळून एक धड म्हातारं माणूस होऊ, एवढीच आशा.

खालच्या बागेत स्मारकाजवळच्या बाकड्यांवर दिवसभर बिअरचे डबे घेऊन माणसं बसतात. ओरडतात, झुडपात लघवी करतात. कौन्सिलच्या मिसेस पिकप आमच्या इमारतीत येऊन गेल्या. म्हणाल्या, नुसत्या तक्रारींनी काही होत नाही, पुरावा लागतो. प्रत्येकीला तक्ते दिलेत. तारीख, वेळ, काय घडलं आणि शेवटच्या रकान्यात तुम्हाला काय वाटलं. मी तर शाळेतल्यासारखी पट्टी घेऊन बसते. चेहरे दिसत नाहीत, कोट दिसतात. एकाचा हिरवा आहे, पाठीवर नारिंगी पट्टा. तो बरोबर चारला येतो आणि आमच्या खिडक्यांकडे बघून हात उगारतो. शेवटच्या रकान्यात मी ‘भीती’ लिहिते.

जेवणाची आबाळ करू नकोस. म्हातारीवरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
डोरीन


मोर्कम
२० सप्टेंबर २०१९

ती. डोरीनताईस, शि. सा. न.

पत्र मिळालं. तुला हेरखात्यात घेतलं हे वाचून हसू आलं. लहानपणी माझ्या चहाड्या आईला सांगायचीस, आता सरकारदरबारी रुजू झालीस.

एक काम आहे. शेजारच्या जॉइसने माझ्या पोराला, क्रेगला, तुमच्या बसस्टँडवर पाहिलं. ती म्हणाली, फार वाळलाय, तोंडाला वास येत होता. त्याच्या दारूपायी मी घराचं कुलूप बदललं त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हा वाटलं होतं, आठवडाभरात शुद्धीवर येईल, दारात उभा राहील. आला नाही. मला हल्ली काहीच वाटत नाही, ताई. सकाळी टोस्ट करतो, खायचं विसरतो. त्याच्या खोलीचं दार उघडून बघतो आणि परत लावतो. तो सापडायला हवा, एवढंच एक उरलंय.

तुझ्या खिडकीतून तो कुठं दिसला तर त्याला वर बोलाव. माझं नाव काढू नकोस, नुसता चहा दे. त्याची आई गेल्यावर तूच वाढवलंस त्याला, तुझं तो ऐकेल.

तुझा धाक आणि जीव दोन्ही असेच असू देत.

तुझा,
ट्रेव्हर


हॅल्बेक
११ ऑक्टोबर २०१९

चि. ट्रेव्हर यास अनेक आशीर्वाद.

क्रेगसाठी मी बसस्टँडवर दोन वेळा जाऊन आले. चर्चमध्ये सूप वाटतात तिथेही विचारलं. कुणाला माहीत नाही. खिडकीतून लक्ष ठेवायला मला सांगायला नको. हजारात ओळखेन मी त्याला, शाळा सुटल्यावर सात वर्षं माझ्याच स्वयंपाकघरात बसून जेवलाय. आणि तो असल्या टोळक्यात बसणार नाही, एवढी खात्री बाळग.

आमचा बंदीहुकूम झाला. बागेत दारू पिणं, घोळका करणं, सगळं बंद. सोमवारी बाकडीसुद्धा उपटून नेली. मिसेस पिकप म्हणाल्या, माझे तक्ते सगळ्यांत नीटनेटके होते. हिरवा कोट तरीही परवा चारला आलाच. बाकड्याच्या जागी नुसता उभा राहिला. कौन्सिलच्या पिवळ्या जाकिटातल्या दोघांनी त्याच्या हातात कागद दिला. जाताना त्याने परत आमच्याकडे हात केला, तेव्हा मी पडदा ओढून घेतला. काल आला नाही. आता बाग शांत आहे.

श्रवणयंत्र लाव. मायेचा धागा तुटू देऊ नकोस.

तुझी,
डोरीन


मोर्कम
२४ ऑक्टोबर २०१९

ती. डोरीनताईस नमस्कार.

आज कौन्सिलचं पाकीट आलं. वर क्रेगचं नाव, पत्ता माझा. विचारल्यावर त्याने अजून हेच घर सांगितलं. आत नोटीस आहे, बागेच्या आसपास फिरकलास तर खटला भरू. सोबत पुरावा म्हणून तक्त्यांच्या प्रती. लिहिणाराचं नाव काळ्या शाईने खोडलंय, पण अक्षर मी साठ वर्षं वाचतोय.

हिरवा कोट माझा आहे, रेल्वेच्या नोकरीतला. घर सोडताना क्रेग तोच घालून गेला होता. तुझ्या पत्रातला नारिंगी पट्टा मी वाचला आणि पुढे गेलो. तेव्हा चूक माझीही धरलीच पाहिजे.

चार वाजता तू चहा टाकतेस हे त्याला ठाऊक आहे. बेल दाबायची लाज वाटली असेल. खालून हात करत होता. एकोणतीस नोंदी आहेत, ताई. मी सगळ्या वाचल्या. तुझ्यावर रागवावं म्हणून बसलो होतो, तेही जमलं नाही.

तो कुठं गेला ते बघशील का?

ट्रेव्हर


हॅल्बेक
२९ ऑक्टोबर २०१९

चि. ट्रेव्हर,

तुझं पत्र ओट्याशी उभ्यानेच वाचलं, मग भांडी घासली. रडायला हवं होतं, पण आलं नाही.

मिसेस पिकपना भेटून माझे तक्ते परत मागितले. त्या भल्या बाई आहेत, त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या, तक्ते मागे घेता येतील, हुकूम उठत नाही. पिवळ्या जाकिटातल्या माणसाला आठवत होतं. क्रेगने त्याला विचारलं होतं, वरच्या मजल्यावरच्या बाई आजारी आहेत का, पडदे का ओढतात. त्याने सांगितलं, त्यांनाच तुमचा त्रास होतो. त्यावर क्रेगने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि स्टेशनच्या दिशेने गेला. पुढचं कुणाला माहीत नाही.

तिथून पोलिसांत जाऊन बेपत्ता म्हणून नोंद केली. ड्यूटीवरच्या पोरीने रंग, उंची, कपडे विचारले. नऊ वर्षांचा क्रेग मी डोळे मिटून सांगितला असता. आत्ताचा मला माझ्या तक्त्यांतूनच सांगावा लागला. तिने विचारलं, शेवटचं कधी दिसला. मी म्हटलं, नऊ तारखेला, चार वाजता. कुणाला दिसला, असं तिने विचारलं तेव्हा मी माझं नाव सांगितलं. तिने नात्याच्या रकान्यात ‘आत्या’ लिहिलं आणि माझी सही घेतली.

माया राहू दे असं दर पत्रात मागते. आज मागत नाही.

डोरीन