पाचवं पत्र

येलहंका, ४ ऑगस्ट २०२५

चि. मनस्विनी हिस अज्जीचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर मला स्वल्प कमी ऐकू येतं, म्हणून लिहिते. नातीनं कादंबरी लिहायला घेतली, या आनंदात गल्लीभर लाडू वाटले. पण बातमी कळली ती तुझ्या आईच्या आईकडून. अकरा प्रकरणं अलकाबाईंना वाचून दाखवलीस म्हणे. त्या पुण्याच्या, एम.ए. झालेल्या. मी तिसरी पास. सरी, असू दे. जळतंय थोडं, लपवत नाही.

मला एकच प्रकरण धाडलंस, ते बोट ठेवून तीन दिवस वाचलं. आकाशातली लढाई झकास. पण बंदुकीला चार पानं आणि कॅप्टन मेला एका ओळीत? त्याला आई नव्हती का? जहाजावर चार हजार माणसं, डाळ कुठे शिजते? रजा कुणाची नाकारत नाहीत. निरोप दुसऱ्या ताऱ्यावर लगेच पोचतो, मग घरच्यांनी वाट कधी बघायची?

एकाहत्तरच्या लढाईत तुझे आजोबा विमानदलात होते. पत्रं मागेपुढे पोचत, म्हणून आम्ही कोपऱ्यात नंबर घालायचो. सहावं आलं, सातवं आलं, पाचवं नाहीच. पुढे ते स्वतः आले, पण पाचव्यात काय लिहिलं होतं ते त्यांना आठवेना. मी अजून विचार करते.

अलकाबाईंनी यातलं काही सांगितलं का? पुढचं प्रकरण आधी मला. माझा लोभ आहेच, तो वाटून घ्यायला लावू नकोस.

तुझी अज्जी, सोयराबाई

(१) व्हाइटफील्ड, १९ ऑगस्ट

ती. अज्जीस सा. न.

आधी रागावले, दोन दिवसांनी पटलं. अलकाआजी अकराही वेळा ‘अप्रतिम’ म्हणाली आणि शुद्धलेखन तपासलं.

बारावं नव्यानं लिहिलंय. निरोपाला आता सहा महिने लागतात. कॅप्टनच्या आईला पाचवा मिळतच नाही. मोठ्या अक्षरात सोबत आहे, कुणी वाचलेलं नाही. कोपऱ्यातला नंबर बघ. माया आहे तशी ठेव.

तुझी मनू

(२) येलहंका, २७ ऑगस्ट

चि. मनू, आशीर्वाद.

दोनदा वाचलं. वाट बघता बघता त्या आईची डाळ करपली, ते बरोबर. पाचवा निरोप शेवटीही सापडू देऊ नकोस.

काल अलकाबाईंचा फोन आला. बारावं वाचलंत का, मी सहज विचारलं. पलीकडे एकदम गप्प. तेवढं मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

तीन नंबरची वाट बघणारी,
अज्जी