ढब्बूचं कार्ड

प्रिय सुतारबुवा,

मायन्यात काय लिहावं याचा विचार करत बसले, आणि हात आपोआप याच शब्दावर गेला. वेगळे राहायला लागलो म्हणून सवय थोडीच सुटते. तू पाठवलेलं स्टूल पोचलं. एकही पाय डुगडुगत नाही, हे कळल्याशिवाय तुला झोप यायची नाही, म्हणून आधी तेच लिहिते. टेबलापाशी ठेवलंय. आत्ता त्यावरच बसले आहे.

काम झालं. नवा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला कार्ड वाचता-लिहिता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम, काल चालला. कॅमेऱ्यातलं एक कार्ड कॉम्प्युटरला लावायला एवढा वेळ कशाला, असं तू दर वेळी फोनवर विचारायचास आणि मी चिडून फोन ठेवायचे. आज नीट सांगते. आपल्या जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा आठव. सगळे नऊ झाले की पुढचा एक दाखवायला त्याच्याकडे जागाच नव्हती, मग बिचारा परत शून्यावर यायचा. आमचा जुना ड्रायव्हर तसाच. कार्डात असंख्य कप्पे असतात आणि प्रत्येकाला नंबर. ड्रायव्हरने नंबर सांगायचा, कार्डाने तो कप्पा उघडायचा. पण एवढं अवाढव्य मावणाऱ्या कार्डातले नंबर इतके मोठे, की जुना ड्रायव्हर पुढचा आकडा गाळूनच टाकतो. मग शेवटच्या कप्प्यात जायचं ते पहिल्या कप्प्यात जाऊन पडतं, आणि तिथे आधीचं जे असेल ते गेलंच. शिवाय कार्ड लावल्या लावल्या कॉम्प्युटर आपल्याला न विचारता त्यावर काहीतरी खरडतोच. म्हणून तू मला ज्याच्याकडे नेलंस त्या दुकानदाराने ढब्बूचं कार्ड लावून बघू या म्हटल्यावर मी त्याचा हात धरला. तू ओशाळलास ते मला दिसलं होतं.

ऑफिसात साहेबांना हे काम नकोच होतं. एवढं मोठं कार्ड घेणार तरी कोण, असं त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं. माझ्या मुलाने घेतलं होतं, हे अगदी ओठांवर आलं. मग त्यांचं त्यांनाच आठवलं असावं, कारण ते हातातल्या पेनाकडे बघत राहिले. काम मंजूर झालं. त्या मंजुरीचा मला आनंद झाला नाही.

तसंच एक कोरं कार्ड विकत आणलं. प्रत्येक कप्प्यात त्याचाच नंबर लिहायचा आणि मग सगळे वाचून बघायचे, ही आमची तपासायची रीत. पहिल्या खेपेला पहिलाच कप्पा उघडला, तर आत पार पलीकडच्या टोकाचा नंबर. कोऱ्या कार्डाचं काय जातंय म्हणा, पण मी उठून ढब्बूचं कार्ड जागेवर आहे ना ते बघून आले. आता ड्रायव्हर पुढचे आकडे आधी वेगळे कळवतो आणि उरलेला नंबर मागून. सगळे कप्पे जुळले.

ढब्बू लहान असताना ओट्याखाली पालथा पडून मुंग्यांचं चित्रण करायचा, आठवतं? कॅमेरा बंद करायचं मात्र कधी लक्षात नाही. नंतर बघावं तर तासभर दप्तरातला काळोख, आणि मागून तुझं-माझं भांडण. तू रागावलास, तर तो म्हणे बंद केलं की नेमकं तेव्हाच काहीतरी होतं. तू हसलास, मीही हसले. भांडणं तेवढी राहिली.

कड्याखालून त्याला वर आणलं तेव्हा कॅमेऱ्याचा चुरा झाला होता, हे त्याचा सोबती सांगत होता आणि तू उठून बाहेर गेलास. त्याने कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं. टपालाच्या तिकिटाएवढं, साधा ओरखडाही नाही. मला त्या कार्डाचा फार राग आला. मला ते बघायचंच नाही म्हणून मी वेळ काढतेय, असं तू परवा म्हणालास. खोटं नव्हतं ते. बघायचं होतं आणि नव्हतंही.

आज सकाळी लावलं. फक्त वाचायचं, लिहायचं काही नाही, असं बजावून. सगळं जागच्या जागी आहे. मी नुसती यादी बघितली, उघडलं काहीच नाही. शेवटच्या फाईलपुढे लांबी शून्य दिसते. चित्रण थांबवलं की कॅमेरा लांबी नोंदवतो, आणि हे त्याने थांबवलेलंच नाही. दुरुस्तीचा प्रोग्रॅम तिला रिकामी समजून काढून टाकू का विचारत होता. मी नाही म्हटलं. चित्रण आहे आत, पण त्याला लागूनच जुन्या, पुसलेल्या चित्रणाचे तुकडे आहेत. त्यामुळे त्याचं कुठे संपतं हे यंत्राला सांगता येत नाही. कुणीतरी बसून बघायचं आणि म्हणायचं, इथे संपलं. माझ्याच्याने हे एकटीने होणार नाही. तू ये. आणि येताना अजून एक स्टूल घेऊन ये.

तुझीच (खोडणार होते, राहू दे),
ढब्बूची आई