शेजारचे पडदे

आई,

शेजारच्या मारायकेबाईंचे एरवी सताड उघडे असणारे पडदे दिवसभर ओढलेले पाहून काल तुम्ही म्हणालात, "आली बाई ताळ्यावर. आपलं बघून घर झाकायला शिकली." मीही हसले. आज त्यांची बशी परत द्यायला गेले तेव्हा कळलं. घरात कुणी वारलं की जुने डच लोक पडदे ओढून घेतात. त्यांचे यजमान हेरित काल पहाटे वारले. आपल्या सीरियात, होम्समध्ये, एव्हाना सगळी गल्ली जमली असती. इथे त्या एकट्याच बसल्या आहेत.

संध्याकाळच्या पाहुण्यांना मी येऊ नका म्हणून कळवलंय. भिंत पातळ आहे, टीव्ही लावू नका. पातेलं भरून काही पाठवूही नका, एकट्या बाईला ते संपणार नाही. मी फक्त आपल्याकडे दुखवट्याला देतात ती बिनसाखरेची कॉफी करून न्यायला घरी आले होते, आता परत जातेय. तुमच्या नातवाला, तैमला, मसूरभात वाढा. तुमचा लेक मुहन्नद आला की त्याला तिकडे पाठवा.

इथे वेळ ठरवल्याशिवाय कुणी कुणाकडे जात नाही, हे मला माहीत आहे. मी तशीच आत गेले. त्यांनी सवयीने विचारलं, "तुम्हाला किती वाजता निघायचंय?" मी म्हटलं, "नाही निघायचं." तेव्हा त्यांनी माझा कोट घेऊन खुंटीला लावला.

रुदैना