कपबशीतली बशी

मु. पो. आंबेवाडी, ता. शिराळा
७ जानेवारी

चि. सौ. क्रांतीस,

आप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक. म्हणजे तब्येत ठीक, गाव ठीक नाही.

फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. तोफखान्यात बावीस वर्षं काढल्यामुळे मला हळू बोलता येत नाही. मी फोनवर बोललो की मधल्या भिंतीपलीकडे मानसिंगला शब्दन्‌शब्द ऐकू जातो, आणि सध्या ते चालणार नाही. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की तुझा बाप ग्रामपंचायतीच्या पोटनिवडणुकीला उभा आहे. वॉर्ड दोनची एक जागा रिकामी झाली. गावातल्या एका पार्टीचा पुढारी यशराज घरी आला. माजी सैनिक, स्वच्छ माणूस, तुमच्याशिवाय आहे कोण, असं बरंच बोलला आणि मी फुगून हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मानसिंगकडे चहाला गेलो, तर यशराजच्या चुलतभावाने, दुसऱ्या पार्टीच्या जयराजने, त्यालाही हेच सगळं ऐकवलेलं. तोही हो म्हणून बसला होता!

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी आम्ही दोघे एकाच एसटीने शिराळ्याला गेलो आणि तहसील कचेरीत एकाच बाकावर बसलो. तुला म्हणून सांगतो, माघारीचा अर्ज माझ्या खिशात लिहून तयार होता. मानसिंग एक शब्द बोलला असता तर मी उठलो असतो. पण आपण होऊन माघार घ्यायची तर दोघेही फौजी. तो छताकडे बघत राहिला, मी पंख्याकडे. तीन वाजले, साहेबांनी मुदत संपल्याचं सांगितलं. येताना एसटीत तो पुढे बसला आणि मी मागे.

मग चिन्हं मिळाली. मला शिट्टी आणि त्याला कपबशी. तिथून माझा चहा बंद आहे. यशराजने घरातल्या सगळ्या कपबश्या पोत्यात घालून नेल्या. उमेदवाराच्या हातात विरोधकाचं चिन्ह दिसता कामा नये म्हणतो. मानसिंगची साळूबाई सकाळी चहा झाला की भिंतीवर पळीने दोनदा ठोकायची, तेही बंद झालं. तुझी आई गेल्यापासून सात वर्षं माझा दिवस त्या ठोक्यावर उगवत होता. आता साडेसहाला उठून भिंतीकडे बघत बसतो.

चहा घरी करून पाहिला. गूळ घातला, दूध फाटलं. असो. जावईबापूंना नमस्कार.

तुझा, उमेदवार असला तरी बापच,
आप्पा


कोयनानगर
१२ जानेवारी

ती. आप्पांस,

क्रांतीचा सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून अमृत, तुमचे जावईबापू, इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले, पण ते भिंतीचं वाचल्यावर माझं हसू गेलं.

आप्पा, तुम्ही दोघे वेडे आहात का हो? लेहकडच्या ठाण्यावर तुमच्याकडे एकच कपबशी होती. कपातला चहा मानसिंगकाकांनी प्यायचा आणि बशीतला तुम्ही. घरी आल्यावर साळूकाकूंच्या फळीवर डझनभर कप असूनही तुमची वाटणी तीच राहिली. मी लहानपणी विचारलं होतं, तर तुम्ही म्हणाला होतात की बशीतला लवकर निवतो आणि तोफखान्याच्या माणसाला वाट बघायची सवय नसते. आता कशी बघताय?

परवा इथे जमीन जराशी हलली. घाबरू नका, भांडीसुद्धा पडली नाहीत. पण आमच्या वसाहतीत एक रीत आहे. हादरा बसला की आधी शेजारच्या दारावर थाप मारायची आणि मग आपण बाहेर पळायचं. तशी थाप आम्ही मारली, आम्हालाही कुणी मारली. त्या वेळी कोण कुणाच्या पार्टीचं हे कुणाला आठवलं नाही. एवढंच लिहिते, जास्त शहाणपणा करत नाही.

गूळ घातल्यावर चहा उकळू नका, दूध फाटतं. थंडीत कान बांधून प्रचार करा.

तुमची, मताचा अधिकार नसलेली,
क्रांती


आंबेवाडी
१७ जानेवारी

चि. सौ. क्रांतीस,

अ. आ. वि. वि. तुझं पत्र पोचलं. यशराज समोर बसला होता म्हणून खिशात घालून गोठ्यात जाऊन वाचलं.

इकडचं काय सांगू. जयराजने मानसिंगच्या घरी कुकर लावायला बंदी केली आहे. कुकरची शिट्टी झाली की तो माझा प्रचार होतो म्हणे. साळूबाई बिचारी डाळ पातेल्यात शिजवते आणि जेवायला दुपारचे दोन वाजतात. शाळेतल्या पी. टी. च्या सरांविरुद्ध तक्रार गेली, तेव्हापासून ते कवायतीला शिट्टीऐवजी टाळ्या वाजवतात. आमच्या बाजूचे लोकही काही कमी नाहीत. आमच्या प्रचारात येणाऱ्याला जानेवारीच्या थंडीत लिंबू सरबत देतात, कारण चहा दिला तर कपबशीची आठवण होईल. ग्लासात द्या म्हटलं, तर यशराज म्हणाला, आवं आप्पा, ग्लासातला चहा बगून बी माणसाला कपच आठवतोय. मला सर्दी झाली आहे. सभेत मी चार वाक्यं बोललो आणि सहा वेळा शिंकलो. यशराजने लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या.

काल पाणंदीत मानसिंग समोरून आला. दोघांच्या मागे दहा-दहा माणसं. त्याने माझ्या लाल नाकाकडे बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात जयराजने घोषणा सुरू केली. क्रांती, मला जागा मिळेल न मिळेल, त्याचं काही वाटत नाही. पण मी जिंकलो तर तो मला हाक मारणार नाही, आणि तो जिंकला तर मी कुठल्या तोंडाने जाऊ? पंचवीसला मतदान आहे. मला त्याची फार भीती वाटते.

सर्दीने बेजार,
आप्पा


आंबेवाडी
२७ जानेवारी

चि. सौ. क्रांतीस,

अ. आ. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. गॅस असेल तर पाण्यात भिजव.

मी पडलो. मानसिंगला दोनशे चौदा आणि मला दोनशे तेरा. एका मताने. आणि बाळ, ते मत माझं होतं.

मुद्दाम नाही दिलं, तुझ्या आईची शपथ. शाळेत गेलो, बोटाला शाई लावली, पुठ्ठ्याच्या आडोशाला उभा राहिलो. समोर यंत्रावर दोन चित्रं. वर कपबशी आणि खाली शिट्टी. वीस दिवस चहा नव्हता, नाक बंद होतं. ती कपबशी बघितली आणि मला साळूबाईच्या आल्याच्या चहाचा वास आला. बंद नाकाला आला! बोट तिकडे कधी गेलं कळलंच नाही. पीं वाजलं तेव्हा भानावर आलो. शाई लावली डाव्या हाताला आणि गुन्हा केला उजव्याने.

बाहेर यशराजने मला खांद्यावर घेतलं होतं. निकालानंतर तोच रडला. फितूर कोण, ते शोधून काढणार म्हणतो, आणि त्याच्या शोधसमितीचा अध्यक्ष त्याने मला केलं आहे.

वर मानसिंगने आमच्या दोघांच्या दारासमोर फलक लावला आहे. मला विजयी करणाऱ्या त्या एका मताचे जाहीर आभार, असं मोठ्या अक्षरांत, खाली फेट्यातला फोटो. खिडकी उघडली की तो माझ्याकडे बघून हसतो. मी खिडकी लावून घेतली आहे.

तुझा अपराधी,
आप्पा


आंबेवाडी
२९ जानेवारी

चि. क्रांतीला साळूकाकूचा लय लय आशीर्वाद. आमी समदी खुशाल हाय. तुमी पण आसाल.

पोरी, मी चौथी शिकलेली, चुकलं माकलं संबाळून घे. तुज्याबिगर कुणाला सांगू? तुजं काका निवडून आलं. पर मी मत शिट्टीला दिलं हुतं. व्हय, शिट्टीला. हे निवडून आलं तर दारात रोज पन्नास माणूस, आन त्यांचा चहा कोण करनार? आन खरं सांगू का, तुजं आप्पा, आमचं नानासो भावजी, पार वाळून गेल्यात. त्यांच्या शिंका भितीतनं ऐकू येत्यात, मला घास गिळत न्हाई. मनलं, त्यास्नी जागा तरी मिळू दे. तरीबी हे एका मतानं आलं! मग त्ये एक मत कुणाचं गं?

हे घरोघरी जाऊन इचारत्यात. आतापातूर सदतीस घरं मनली, त्ये मत आमचंच. फकस्त भावजींच्या घरात इचारलं न्हाई. तितं जायचा धीर हुईना त्यास्नी.

आनकी एक. यांचा कोट धुवाय काढला तर आतल्या खिशात कागद घावला. अर्ज माघारी घ्यायचा. सही करून तयार. त्या दिशी बाकावर ह्यो कागद खिशात घिऊन बसलं हुतं ह्ये! इचारलं तर मनत्यात, नानासो एकदा बोलला आसता तर मी उठलो आसतो. सांग आता, काय करू या दोगास्नी?

आज मी कुकर लावला. चार शिट्ट्या काढल्या.

माया हाय ती आसू दे.
तुजी साळूकाकू


कोयनानगर
२ फेब्रुवारी

ती. आप्पांस,

सा. न. वि. वि. पत्र पाण्यात भिजवलं. शाई उतरली, आता त्यात काही उरलं नाही.

दोन पत्रं माझ्याकडे आली आहेत. एकातलं दुसऱ्याला सांगायचं नाही असं मी ठरवलं आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या दिवशी बाकावर माघारीचे अर्ज दोन होते. दुसरा परवा कोटाच्या खिशात सापडला, धुवायला काढल्यावर. साळूकाकूंना.

आप्पा, आता कुणी भिंत ठोकण्याची वाट बघू नका. पळी तुमच्याकडेही आहे. नसली तर मी पार्सलने पाठवते.

तुमची,
क्रांती


आंबेवाडी
६ फेब्रुवारी

चि. सौ. क्रांतीस,

आप्पाचे अनेक आशीर्वाद. पळी पाठवू नकोस, घरात आहे.

तुझं पत्र काल आलं. ते मी तीनदा वाचलं आणि तो बाक आठवून तिन्ही वेळा रडलो, हसलोही. आज सकाळी साडेसहाला पळी घेतली आणि भिंतीवर दोनदा ठोकलं. पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, संपलं सगळं. मग एकदम तिकडून इतक्या जोरात ठोके आले की भिंतीचा गिलावा पडला. मोजले नाहीत, पण दोन नव्हते.

गेलो. मानसिंग दारात उभा होता, सदस्य झाल्यापासून इस्त्रीचा सदरा घालतो. म्हणाला, सदतीस घरं फिरलो, तुजंच तेवडं ऱ्हायलं हुतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, गप रं गड्या, तुला इचारतोय कोण. साळूबाई चुलीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय, कळलं नाही.

मग त्याने नेहमीसारखा कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढे सरकवली. आलं जास्त झालं होतं. मी पिऊन टाकला आणि दुसरा मागितला.

फितूर अजून सापडलेला नाही. शोधसमितीचा अध्यक्ष म्हणून मी यशराजला आज अहवाल दिला की फितुरी झालेलीच नाही. तो चिडला, पण माझं म्हणणं खोटं नाही, बाळ. कपबशीतली बशी पहिल्यापासून माझीच होती.

जावईबापूंना घेऊन लवकर ये. कप भरपूर आहेत, यशराजने पोतं परत केलं.

तुझा, पडून सुखी झालेला,
आप्पा